सोडलेलं संत्रं

संत्र्याला इटालियन भाषेत ‘आरांचा’ म्हणतात. त्यातला च चहातला, चोरातला नव्हे. सालीला बूच्चा, फोडीला स्पीक्क्यो, बियांना सेमी आणि रसाला सूक्को. गोड निघालं तर दोल्चे, कच्चं आणि आंबट असलं तर आचेर्बा, सडलं तर मार्चा. एवढीच माझी इटालियन. इटली नकाशात कुठे आहे हे मला माहीत नव्हतं तेव्हा, ठाण्याच्या आमच्या मागच्या पडवीत बसून मी हे शिकले. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण हे शब्द काही केल्या जात नाहीत. नातसून चेष्टा करते, म्हणते, आजी, घोडबंदर रोडला परदेशी भाषांचा क्लास निघालाय, तिथे शिकवायला जा. मी म्हणते, अगं, मला एका फळापुरतीच भाषा येते, बाकी त्या देशात मी उपाशीच मरेन.

मला शिकवलं ते दत्ताकाकांनी, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाने. आमचं घर नौपाड्यात, कौलारू, बैठं, भाड्याचं. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि त्यामागे पडवी, जिच्यापुढे विहीर आणि केळीचे चार खुंट. घरात आप्पा, म्हणजे माझे आजोबा, त्यांचा शब्द शेवटचा. आप्पा कचेरीतून निवृत्त झालेले, पण घराची कचेरी त्यांनी शेवटपर्यंत चालवली. पहाटे त्यांचं स्तोत्र, मग रहाटाची करकर, मग आईच्या हातच्या भाकरीची थापथाप. याच क्रमाने आमचं घर जागं व्हायचं, आणि कुणाचं काहीही झालं तरी हा क्रम मोडायचा नाही. काका लढाईत गेल्याची तार आली त्या दिवशीसुद्धा भाकऱ्या झाल्या होत्या, असं आई सांगायची. कुणी खाल्ल्या नाहीत ही गोष्ट वेगळी.

काका लढाईआधी ठाकुर्लीला रेल्वेच्या पॉवरहाउसात कारकून होते. इंदूकाकूशी लग्न झालं तेव्हा रोज संध्याकाळी परत येताना ठाण्याच्या बाजारातून कधी गजरा, कधी हिवाळ्यात संत्रं आणायचे आणि सदऱ्याखाली लपवून माळ्यावर न्यायचे. एकत्र घरात नव्या बायकोला एकटीला काही आणून देणं म्हणजे केवढा निर्लज्जपणा! गजरा तरी लपतो, पण संत्र्याचं साल काढलं की सगळ्या घराला कळतं. खाली ओटीवर आप्पा मोठ्याने खाकरायचे, आणि वर दोघं तोंडावर हात धरून हसत बसायचे. हे काकूनेच मला पुढे सांगितलं. मग काका लष्करात कारकुनी करायला गेले, आफ्रिकेत वाळवंटात त्यांची तुकडी शत्रूच्या वेढ्यात सापडली आणि तार आली. बेपत्ता, बहुधा मृत. तारेतला ‘बहुधा’ आप्पांनी वाचला नाही. वास्तविक बारा वर्षं वाट पाहायची असते, पण आप्पांना अर्धवट काही सोसायचं नाही, आणि मुलाचा आत्मा तिकडे परक्या मुलखात भटकतोय या विचाराने त्यांची झोप उडाली होती. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने बोलेन. त्यांनी भटजींना विचारून पळसाच्या पानांचा पुतळा करवला. तो पुतळा खाडीकाठच्या स्मशानात नेला, माझ्या वडिलांनी अग्नी दिला, दहाव्याला पिंड ठेवला आणि त्याला कावळा झटकन शिवला. आप्पा घरी येऊन म्हणाले, दत्तू सुटला. काकूच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. केस तेवढे वाचले, कारण माझी आई न्हाव्यासमोर दारात आडवी बसली.

त्यानंतर आप्पा, आजी आणि काकू गयेला गेले. गयेला श्राद्ध केलं की गेलेल्या माणसाच्या नावाने एक फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं. आता, आपली माणसं यातही हुशार. जे फळ तसंही खात नाही तेच सोडतात. आप्पांनी कवठ सोडलं. आजीने रामफळ सोडलं, ज्याचा तिला लहानपणापासून तिटकारा होता. काकू वेडी. तिने खरं फळ सोडलं. संत्रं.

आणि मग लढाई संपल्यावर एक दिवस दत्ताकाका दारात उभे. मला तो दिवस धूसर आठवतो. आई धावत बाहेर गेली, पण आप्पांनी तिला हाताने थांबवलं. काकांना म्हणाले, बाहेरच बस. ज्याचं सगळं क्रियाकर्म झालंय त्याला तसंच घरात घेता येत नाही. दुपारभर तो माणूस, समुद्र ओलांडून आलेला, बाहेर कट्ट्यावर बसून होता, आणि आत भटजी पोथी चाळत होते. पोथीत उपाय निघाला. मेलेला परत आला तर तो नव्याने जन्मला असं धरायचं. तूप लावून स्नान, मग जातकर्म, मग बारसं, मग मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तिशी उलटलेल्या मिशाळ माणसाच्या कानात आत्याने कुर्रर्र केलं. आम्ही पोरं खिदळत होतो, आणि काकासुद्धा हसत होते. काकूला नवं लुगडं आलं, कुंकू आलं. पण आळीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला कधी बोलावलं नाही. एकदा पुसलेलं कुंकू, म्हणायच्या, कशाला उगाच. आणि संत्र्यावर मात्र पोथीत काही निघालं नाही. भटजींनी हात जोडून सांगितलं, गयेला सोडलेलं परत घेता येत नाही.

काका परत आले ते पोखरलेले. वर्षभर नोकरीवर गेले, मग पाय सुजायला लागले, मग पोट. डॉक्टर म्हणाले यकृत गेलंय, जलोदर आहे. अंथरूण मागच्या पडवीत टाकलं. तिथे ऊन यायचं आणि विहिरीवर येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलता यायचं. डॉक्टरांनी फळांचा रस सांगितला. हिवाळा होता, नागपूरची संत्री आली होती. त्या काळी संत्रं हे घरात कुणी आजारी असलं तरच यायचं. आम्हा पोरांना कुणाचा तरी ताप हवाहवासा वाटायचा तो त्यासाठीच. काकांची बोटं बधिर झालेली, त्यांना साल सोलता येत नसे. काकू रस काढायची नाही, संत्र्याला हातच लावायची नाही. आईला कामं. तेव्हा शाळेतून आलं की काकांपाशी बसून संत्रं सोलायचं, हे काम माझं झालं.

पहिल्या दिवशी मी सोललं आणि फोड पुढे केली तर काका म्हणाले, तशी नको देऊ. आधी नाव विचार. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. इटलीत ते कैदेत होते. तिकडचं सरकार कोसळलं तेव्हा पहारेकरी पळाले, कैदी डोंगरात पांगले. काकांना समुद्राकडच्या एका खेड्यात एका म्हातारीने गोठ्याच्या माळ्यावर लपवलं. तिच्या आवारात संत्र्याची झाडं होती. काकांना तिची भाषा येत नव्हती, आणि हिंडताफिरताना सापडले तर मुका म्हणून तरी कितीदा खपवणार? म्हणून म्हातारी संत्रं पुढे करी, आणि काकांनी हात लांबवला की मागे घेई. आधी म्हण. आरांचा. म्हटलं की मिळे. मग सालीचं नाव, मग फोडीचं, मग बीचं. भुकेल्या माणसाला भाषा लवकर येते, काका म्हणाले. तशीच शिकवणी आमची सुरू झाली. फक्त आमच्याकडे उलटं होतं, फळ त्यांचं आणि बोलायची मी. मी ‘स्पीक्क्यो’ बरोबर म्हटलं की ते ती फोड खात, चुकलं की तोंड मिटून बसत. पुढे पुढे त्यांना खरंच काही खाववत नसे, तेव्हा मी शब्द मुद्दाम घोकून यायची. वर्गात पाढे म्हणताना माझ्या तोंडून बूच्चा निघालं आणि बाईंनी कोपऱ्यात उभं केलं.

काकू हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा भांडी घासताना तिने हळूच मला विचारलं, काय गं, ती शिकवणारी कोण होती? तरुण होती का? मी सरळ जाऊन काकांना विचारलं. असली बिनडोक मुलगी मी! काका इतके हसले की त्यांना धाप लागली. म्हणाले, सांग तुझ्या काकूला, सत्तरी ओलांडलेली होती, तोंडात दात नव्हते, फोडीवरचे धागे मलाच काढून द्यावे लागायचे. आणि मग हसू थांबल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी काकूपर्यंत नेलं नाही, पण तिने दाराआडून ऐकलं असणार. त्या म्हातारीचा मुलगाही लढाईत गेलेला, रशियाकडे कुठेतरी, बर्फात. त्याचीही चिठ्ठी येत नव्हती. गावच्या पाद्र्याने सांगितलं, आता त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करून टाकू. म्हातारीने त्याला अंगणातून हाकलला. रोज रात्री ती मुलाचं ताट मांडायची आणि ताटात एक संत्रं ठेवायची. सकाळी तेच संत्रं काकांना द्यायची. मी विचारलं, मग तो आला का? काका म्हणाले, काय माहीत. मी निघालो तोवर नव्हता आला. थोड्या वेळाने म्हणाले, पण तिच्या घरात तो मेलेला नव्हता.

याच्यापुढचं मी जसं ऐकलं तसं लिहिते, त्यात माझं काही घालत नाही. काकांनी आप्पांना बोलावून घेतलं होतं आणि विनवलं होतं की इंदूला त्या फळातून मोकळी करा. तुमच्या शब्दाने तिने सोडलं, तुमच्या शब्दाने घेईल. आप्पा म्हणाले, गयेचं गयेला राहिलं, ते माझ्या हातात नाही. काकांनी वाद घातला नाही. पण मनाला लावून घेतलं. मला म्हणायचे, तुला सांगतो, या घरात माझं बारसं झालं, मुंज झाली, लग्न झालं. सगळ्यांच्या लेखी मी जिवंत झालो. पण माझ्या नावाने सोडलेलं फळ अजून सुटलेलंच आहे ना, मग मी कोण? मला काय कळणार होतं? मी आपली फोडीवरचे धागे काढत बसायची.

त्या दिवशी दुपारी उन्हं पडवीत आली होती. काकांचं पोट घड्यासारखं ताणलेलं, चेहरा पिवळट. काकू औषध द्यायला आली. काकांनी माझ्या हातातली फोड घेतली, बधिर बोटांत कशीबशी धरली, आणि तिच्यापुढे केली.

“त्येनी,” म्हणाले. मग मराठीत, “घे. एवढी एकच फोड.”

काकू उभीच राहिली. मला वाटलं घेईल. तिच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की मला वाटलं, आता घेईलच. पण तिने मान हलवली.

“हे मागू नका. मी सोडलं म्हणून तुम्ही परत आलात. आता तोंडात घातलं तर...”

काका म्हणाले, “अगं, मी परत आलोय कुठे? तूच सांग, आलोय का?”

काकूने पदर तोंडात धरला आणि आत निघून गेली. काकांचा हात तसाच पुढे होता. मी म्हटलं, काका, मी खाऊ? त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल. ती फोड त्यांनी पडवीच्या कठड्यावर ठेवून दिली. संध्याकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या. नंतर त्यांनी संत्रं मागितलं नाही. मी सोलून नेलं तर म्हणत, तू खा. मी सगळे शब्द ओळीने म्हणून दाखवायची, एकही न चुकता, पण ते तोंड उघडत नसत. मला फार राग यायचा काकूचा. आप्पांचा यायला हवा होता, पण आप्पांचा राग करायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, तेव्हा तो काकूवर निघायचा. आता कळतं, ती भीत होती. एकदा गेलेला नवरा एका फळाच्या मोलावर मिळाला, ते मोल परत घ्यायचं कुठल्या बाईला झालं असतं?

काका त्याच आठवड्यात गेले. सकाळी, आप्पांचं स्तोत्र चाललेलं असताना. त्यानंतर रहाट करकरला नाही तेवढंच वेगळं. या वेळी पळसाची पानं नव्हती, खरं शरीर होतं, आणि ते उचलायला माणसं जास्त लागली, अंगात पाणी भरलेलं म्हणून. काकूच्या बांगड्या दुसऱ्यांदा फुटल्या. या खेपेस तिने स्वतःच हात जमिनीवर आपटले.

दहाव्या दिवशी पुरुषमंडळी खाडीवर गेली. दुपार झाली तरी परत येईनात. वडिलांनी पुढे सांगितलं ते असं. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर रांगेने बसले होते, पण एकही खाली उतरेना. वडील हात जोडून म्हणाले, दत्तू, इंदूला मी सांभाळीन. नाही. दरवर्षी सगळं यथासांग करीन. नाही. काकांचे मामा म्हणाले, कुणी दुखावलं असेल तर क्षमा कर. नाही. पहिल्या वेळी, पुतळ्याच्या वेळी, पळभरात शिवलेला कावळा आता खऱ्या माणसाला शिवत नव्हता. मी म्हातारपणी याचा विचार केलाय. पहिला पिंड पावसाळ्यातला होता. पावसात खाडीवरच्या कोळीवाड्यात मासळी सुकवता येत नाही, कावळे उपाशी. दुसरा हिवाळ्यातला, सगळीकडे बोंबील पसरलेले, कावळे पोटभर जेवलेले. त्यांना भाताच्या गोळ्याचं काय कौतुक? मला हे पटतं. पण तेव्हा कुणी मला विचारलं नसतं, आणि आप्पांना मी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. कारण आप्पांना ठाऊक होतं की मुलाची इच्छा काय राहिलीये. सगळ्या वचनांत तेवढं एक वचन कुणी दिलं नव्हतं.

आम्ही बायकामुली घरात होतो. आप्पा एकटेच आले, ओल्या धोतराने, अनवाणी, खाडीपासून चालत. त्यांच्या हातात संत्रं होतं. वाटेत कुठून घेतलं कोण जाणे, सुतकातल्या माणसाने. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. आयुष्यात तिथे ते कधी उभे राहिले नव्हते. काकू कोपऱ्यात बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

“इंदू,” आप्पा म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. “हे खा, पोरी. मी तुला मोकळी करतो. काय पाप लागायचं ते माझ्या माथी.”

काकूने त्यांच्याकडे तोंड वळवलं. रडून रडून तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण आवाज अगदी शांत होता. आप्पांसमोर ती एरवी कुजबुजत बोलायची, त्या दिवशी माजघरापर्यंत ऐकू गेलं.

“मामंजी, ते जिवंत असताना मी हे सोडून बसले होते. ते समोर हात धरून बसले तरी नाही खाल्लं. आणि आता खाऊ?”

आप्पांनी हात आणखी पुढे केला.

“मेलेल्या माणसासाठी सोडायचं असतं ना? मग ते सोडणं आत्ता कुठे खरं झालं.”

ती परत भिंतीकडे वळली. आप्पांचा हात तसाच पुढे राहिला, जसा त्यांच्या मुलाचा राहिला होता. मग ते उंबऱ्यातच खाली बसले आणि रडले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, मला आधी वाटलं त्यांना उचकी लागलीय. आईने त्यांच्या हातातून संत्रं काढून घेतलं. तिकडे खाडीवर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं परत आली. त्या हिवाळ्यानंतर आप्पांच्या शब्दाची घरातली धार गेली. ते बोलायचे, आम्ही ऐकायचो, पण दोघांनाही माहीत होतं.

काकू त्यानंतर पुष्कळ जगली. नौपाड्याचं घर सुटलं, डोंबिवलीला ब्लॉक घेतला, तिथेही ती आमच्यातच होती. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी हिवाळ्यात माहेरी जायची तेव्हा मुलं संत्री खायची आणि काकू उठून दुसऱ्या खोलीत जायची. तिला कुणी आग्रह केला नाही. मीही नाही. वर्षानुवर्षं तो विषय आम्ही काढला नाही.

मग एकदा, ती खूप म्हातारी झाल्यावर, घरात आम्ही दोघीच होतो. मी स्वतःपुरतं संत्रं सोलत होते. काकू या वेळी उठून गेली नाही. खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, “म्हण ना गं ते.” मी म्हटलं, काय? म्हणाली, “ते काय तुमचं. मी आत भांडी घासायची तेव्हा चालायचं ते.” मग मी एकेक म्हणायला लागले. आरांचा. बूच्चा. साल तिच्या हातात दिलं, तिने ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मी सेमी म्हटलं, सूक्को म्हटलं. मधला एक शब्द माझ्याकडून राहून गेला. माझा हात फोडीवर होता आणि नेमका तोच शब्द तोंडातून फुटेना.

“स्पीक्क्यो,” काकू म्हणाली. अगदी बरोबर, काकांसारखं. आणि तिने हात पुढे केला, मग तसाच परत पांघरुणात घेतला.